उलट क्रमाने आलेले कण

माझ्या कामाचं सगळ्यात सुटसुटीत वर्णन चंद्रपूरजवळच्या मूल गावातल्या एका राइस मिलच्या मालकाने केलं. तिथल्या शाळेत मी सौर वाऱ्यावर बोलायला गेले होते. भाषण संपल्यावर ते पहिल्या रांगेतून उठून आले आणि म्हणाले, "म्हणजे बाई, सूर्य रातदिवस भुसा उडवते, अन् तुमी चंद्रपुरात बसून तो भुसा पाखडता. बरोबर?"

"बरोबर," मी म्हणाले.

"अन् त्यातून तांदूळ निघते?"

"कधी कधी."

"मंग मिल चालते कशी तुमची?"

अनुदानावर चालते, असं मी सांगितलं नाही. त्यांनी लगेच अर्ज मागितला असता.

एकतीस वर्षं मी चंद्रपूरच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं. त्यातल्या शेवटच्या आठ वर्षांत आमच्याकडे एक छोटं संशोधन केंद्र होतं. केंद्र म्हणजे जिन्याखालची एक खोली, तीन संगणक आणि एक एसी. एसी सुरू केला की मुख्य स्विच पडायचा, म्हणून एसी आणि संगणक यांपैकी एकाचीच निवड करावी लागे. मे महिन्यातल्या चंद्रपुरात आम्ही संगणक निवडला, यावरून आमची निष्ठा लक्षात यावी.

काम काय, ते आधी सांगते. सूर्यातून सतत काहीतरी वाहत असतं. त्याला वारा म्हणतात, पण ती हवा नव्हे. ते विद्युतभारित कण असतात, मुख्यतः प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन, आणि ते सेकंदाला शेकडो किलोमीटर वेगाने बाहेर पडतात. आता चुलीपासून दूर गेलं की गार वाटावं, हा साधा नियम आहे. सूर्य तो पाळत नाही. त्याच्या पृष्ठभागापेक्षा वरचं विरळ वातावरणच कितीतरी पट तापलेलं असतं. त्यातही मूठभर कण असे निघतात, की त्यांच्याकडे बरोबरीच्या भावंडांपेक्षा हजारो पट ऊर्जा असते. घर एक, आई-बाप एक, मग यांना ही ऊर्जा दिली कोणी? जगभरातली काही माणसं या एकाच प्रश्नावर पोट भरतात. त्यांतली एक मी होते.

आतापर्यंत सापडलेली उत्तरं मोजकी आहेत. एक म्हणजे, कण चुंबकीय रेषेभोवती गिरक्या घेत जातो आणि त्या रेषेवरून लाटाही येत असतात. लाटेचा ठेका गिरकीशी जुळला, की दर फेरीला कणाला थोडा धक्का बसतो. झोपाळ्याला नेमक्या वेळी हात लावत गेलं की तो चढतो, तसंच. दुसरं उत्तर असं, की ताणलेल्या चुंबकीय रेषा तुटतात, भलत्याच रेषांना जोडल्या जातात आणि गलोलीच्या रबरासारख्या झटक्यात आखडतात. त्या झटक्यात कण फेकले जातात. तिसरं उत्तर धडकेचं. सूर्यावर स्फोट होऊन मोठा ढग सुटला, की त्याच्या पुढे एक धडक-लाट चालते. कण तिच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला परत परत उसळतो आणि दर उसळीत थोडा श्रीमंत होतो. यात एक मेख आहे. अगदी मंद कण या खेळात घेतलेच जात नाहीत. आधी थोडी ऊर्जा गाठीला असेल त्यालाच आणखी मिळते. हे सांगितलं की वर्गात कोणीतरी हमखास हसायचं.

हे सगळं सूर्याजवळ घडतं आणि आपण पृथ्वीवर बसलेलो. पृथ्वीपर्यंत येईतो कणांची इतकी सरमिसळ होते, की कोणाला कुठे काय मिळालं ते कळत नाही. म्हणून अलीकडे एक यान सूर्याच्या अगदी जवळून फेऱ्या मारतं आहे. ते जळत कसं नाही, हा प्रश्न मला आलापल्लीच्या वनरक्षकांपासून सख्ख्या नणंदेपर्यंत सर्वांनी विचारला आहे. त्याच्यापुढे ढाल आहे. यानाने पाठवलेली मापं काही महिन्यांनी जगात सर्वांना खुली होतात. परदेशातल्या मोठ्या प्रयोगशाळेत जी फाइल उतरते तीच आमच्या जिन्याखाली उतरायची. आमच्याकडे ती उतरायला सकाळपासून दुपार व्हायची, एवढाच फरक.

आम्ही त्या मापांमधून घटनांची यादी करायचो. घटना म्हणजे वेगवान कणांचा एखादा लोंढा यानावर येऊन आदळणं. खरी घटना ओळखायची एक जुनी खूण आहे. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. मंडई सुटली की वाटेवरच्या गावात आधी मोटरसायकली येतात, मग सायकली आणि शेवटी बैलगाड्या. कोण किती अंतराने आलं हे टिपलं, तर मंडई किती लांब होती आणि केव्हा सुटली हे घरबसल्या काढता येतं. कणांचंही तसंच. जास्त ऊर्जेचे आधी पोचतात, कमी ऊर्जेचे मागून. संगणकावर त्याचं चित्र काढलं की रंगांचा एक उतरता पट्टा दिसतो. पट्टा दिसला की घटना खरी, नाही तर कचरा.

आणि कचरा पुष्कळ असतो. धुळीचा कण आपटला तरी उपकरण ओरडतं. ऊन कुठून शिरलं तरी ओरडतं. कचरा काढण्यात माझा हात कोणी धरत नसे. एका परदेशी गटाने आपल्या यादीत मोठ्या कौतुकाने मांडलेली एक घटना मला खटकली होती. यान अमुक एका बाजूला वळलं की तसलंच चित्र उमटत होतं. तो कणांचा लोंढा नव्हता, फटीतून आलेलं ऊन होतं. मी पत्र लिहिलं. त्यांनी ती घटना काढून टाकली आणि माझे नावानिशी आभार मानले. त्या पत्राची प्रत मी खोलीच्या दारावर चिकटवली होती, हे आता सांगायला हरकत नाही. तेव्हापासून मला साफसफाईची चटक लागली. माझ्याकडे दोन पेनं असत. निळ्याने नोंद घ्यायची आणि लालने 'वगळा' लिहायचं. लाल लवकर संपायचं.

शबाना आमच्याकडे आली ती मूलहून. तिचे वडील रशीदभाई जळालेल्या मोटारी भरून देतात. म्हणजे मोटारीतली जळकी तार उपसून नवी गुंडाळतात. भाताच्या गिरण्या आणि शेतातले पंप, या दोन्हींवर त्यांचं दुकान चालतं. शबाना लहानपणापासून त्या दुकानात बसलेली. गुंडाळीकडे नुसतं पाहून कुठला वेढा खराब आहे ते सांगायची, असं रशीदभाई म्हणत. एमएस्सीत ती पहिली आली नाही, तिसरी आली. पण चित्रातला बारकावा पकडणारा तसा डोळा मी दुसऱ्या कोणाचा पाहिला नाही. पीएचडीला मी तिला आपणहून घेतलं.

पहिल्याच वर्षी तिने एक चूक केली. उपकरण कणांना ऊर्जेप्रमाणे वेगवेगळ्या कप्प्यांत मोजतं. काही फायलींत हे कप्पे लहानापासून मोठ्याकडे मांडलेले असतात, काहींत मोठ्यापासून लहानाकडे. आमच्या धंद्यातला प्रत्येक माणूस कधी ना कधी इथे फसतो. शबानाने उलट मांडणीची फाइल सुलट समजून चित्र काढलं आणि धावत माझ्याकडे आली.

"मॅडम, हे पाहा! हळू कण पह्यले आले, जोरातले मागून! असं आजवर कोणालेच नाई भेटलं!"

मी कप्प्यांचा क्रम दाखवला. तिने जीभ चावली. तिथेच हे संपायला हवं होतं. पण मी पुढचे पंधरा दिवस दर सेमिनारला तिची थट्टा केली. तिला 'उलटी गंगा' म्हटलं. मग इतर मुलंही म्हणू लागली. मी त्यांना थांबवलं नाही. उलट, विद्यार्थी असेच घडतात अशी माझी समजूत होती.

वर्षभराने नोंद क्रमांक एकोणीस आली.

या वेळी शबाना धावत आली नाही. माझा तास संपेपर्यंत दाराबाहेर उभी राहिली, मग आत येऊन कागद टेबलावर ठेवला. चित्रात रंगांचा पट्टा होता, ठळक आणि स्वच्छ. फक्त तो उतरता नव्हता, चढता होता. आधी बैलगाड्या, मग सायकली, सगळ्यांच्या शेवटी मोटरसायकली.

"परत उलटं केलंस," मी म्हणाले.

"नाई मॅडम. या वेळी नाई."

"कप्पे पाहिलेस?"

"पाच वेळा पाह्यले. दुसऱ्या उपकरणाच्या फायलीतही काढून पाह्यलं. तिथंही असंच येते."

"मग धूळ असेल. नाही तर ऊन."

"यान वळलं नव्हतं मॅडम त्या दिवशी. ऊन कुठून येईल?"

हा प्रश्न रास्त होता. आज वाटतं, त्या प्रश्नाला मी दोन दिवस दिले असते तरी पुरलं असतं. पण माझ्यापुढे अंतिम यादी पाठवायची घाई होती आणि मनात ती उलटी गंगा पक्की बसलेली. मी लाल पेनने कागदावर 'वगळा' लिहिलं.

ती तीनदा आली. दुसऱ्या खेपेला तिने हिशेब करून आणला होता. तिसऱ्या खेपेला म्हणाली, "मॅडम, समितीसमोर मी हेच मांडू का? चुकलं तर माझं चुकल."

पीएचडीच्या विद्यार्थ्याला दर वर्षी समितीसमोर आपलं काम मांडावं लागतं आणि त्या कागदांवर मार्गदर्शकाची सही लागते. मी म्हणाले, "माझ्या सहीने हे जाणार नाही. क्रमांक चार घे. सुबक आहे."

क्रमांक चार खरोखर सुबक होती. तसल्या शेकडो जगाने पाहिल्या होत्या. शबानाने ती मांडली, समितीने माना डोलावल्या. त्यानंतर तिचं येणं विरळ झालं. मग फोन आला, "अब्बाची तब्येत बरी नाई, मॅडम. दुकान मलेच पाहा लागते." मी विश्वास ठेवला. ठेवणं सोयीचंही होतं. यादी प्रसिद्ध झाली, तिचं कौतुक झालं, मला शाल-नारळ मिळाला आणि मी निवृत्त झाले.

निवृत्तीनंतरही मी शोधनिबंध वाचते. सवय जात नाही. गेल्या वर्षी एका सकाळी पोहे खाता खाता एक निबंध उघडला. त्यात सूर्याजवळच्या यानाने टिपलेल्या काही चमत्कारिक घटना होत्या. त्यांत कमी ऊर्जेचे कण आधी आले होते, जास्त ऊर्जेचे नंतर. पहिलंच चित्र ओळखीचं वाटलं. मी खालची तारीख वाचली. मग उठून कपाटातून जुनी फाइल काढली.

एकोणीस क्रमांकाचीच तारीख होती. चित्र हुबेहूब तेच. आमच्या चित्रावर माझं लाल अक्षर होतं, त्यांच्या चित्रावर त्यांचं नाव होतं. ज्याच्या हाती ससा तो पारधी. इथे तर ससा आमच्या हातात होता आणि मी तो मांजर समजून सोडून दिला होता.

लेखकांनी दिलेलं कारण इतकं साधं आहे, की वाचून माझे कान तापले. आमची जुनी खूण असं गृहीत धरते, की सगळे कण एकाच वेळी निघाले, म्हणजे मंडई सुटली तेव्हा मोटरसायकली तयार उभ्या होत्या. पण धडक-लाट कणांना ऊर्जा एकदम देत नाही, उसळी-उसळीने देते. थोडी ऊर्जा मिळायला थोडा वेळ लागतो, पुष्कळ मिळायला पुष्कळ. बैलगाड्या आधी निघाल्या, कारण मोटरसायकली अजून तयार व्हायच्या होत्या. दूर पृथ्वीपाशी हे दिसत नाही. एवढ्या लांबच्या वाटेत उशिरा निघालेले वेगवान कण पुढे निघून जातात आणि क्रम पुन्हा सुलट होतो. सूर्याच्या अगदी जवळ उभं राहिलं, तरच तो उलटा सापडतो. म्हणजे कणांना ऊर्जा मिळते आहे ती प्रत्यक्ष घडताना पाहण्याची ही खिडकी होती, आणि शबानाने ती उघडून माझ्यापुढे धरली होती. जी खूण घेऊन मी कचरा काढत होते तीच इथे अपुरी होती.

मला लाज वाटली. दुसरा शब्द नाही.

दुपारी मी कॉलेजच्या ऑफिसात गेले आणि शबानाच्या नोंदणीची चौकशी केली. बाबूंनी रजिस्टर काढलं. मुदत महिनाअखेर संपत होती. एकदा संपली की शबानाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, प्रवेश परीक्षेसकट. मुदतीत अर्ज आला तर दोन वर्षं वाढवून मिळू शकत होती, पण त्यासोबत काम का थांबलं याबद्दल मार्गदर्शकाचा लेखी खुलासा हवा. आमच्या हातात अकरा दिवस होते. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने मी मूलला गेले.

रशीदभाईंचं दुकान बाजाराच्या टोकाला आहे. ते दारातच पंपाची मोटार खोलत बसले होते. तब्येत खणखणीत होती. मला पाहून गडबडीने उठले. "या, या मॅडमजी! बसा. शबाना, देख कौन आया!"

शबाना आतल्या बाजूला तारेचे वेढे घालत होती. सकाळी शिकवण्या घेते आणि दुपारी इथे बसते, हे तिने पहिल्या दोन वाक्यांतच सांगून टाकलं, म्हणजे मी विचारू नये. मी तिच्यापुढे तो निबंध ठेवला.

तिने मजकूर वाचलाच नाही. थेट चित्राचं पान काढलं. बराच वेळ पाहत राहिली.

"हे आपलीच तारीख होय," ती म्हणाली.

"हो."

"अन् कारण काय देऊन राह्यले हे लोक?"

मी सांगितलं. सांगता सांगता रशीदभाईही पाना खाली ठेवून ऐकू लागले. माझं संपल्यावर त्यांनी समोरच्या मोटारीवर हात ठेवला. "मॅडमजी, मोटार बी बटन दाबल्याबरोबर फुल स्पीडले थोडी जाते? पह्यले गुरगुरते, मंग पकडते. एवढं तर दुकानात बसणाऱ्यालेही समजते."

"मला समजलं नाही," मी म्हणाले. "शबाना, चूक माझी होती. तू बरोबर होतीस."

"मले माहीत होतं, मॅडम."

हे तिने रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं. तिने ते नुसतं सांगितलं. मग उठून आतून जुना लॅपटॉप घेऊन आली. "एकच नव्हती," ती म्हणाली. "अजून दोन होत्या. एकोणीस नंबर कापल्यावर मी पुन्हा सगळ्या फेऱ्या पाह्यल्या. तेव्हा भेटल्या."

"मग दाखवल्या का नाहीस?"

"काऊन दाखवू? लाल पेन तं तुमच्याजवळच होता."

यावर रशीदभाई तिला रागावले. मी त्यांना हातानेच थांबवलं.

मी चष्मा लावला आणि दोन्ही चित्रं पाहिली. या वेळी घाई केली नाही. चहा येऊन गार झाला. दुसऱ्या चित्राबद्दल माझ्या मनात शंका होती, पण ती बोलायची हिंमत होत नव्हती. तीच म्हणाली, "ही दुसरी खराब आहे ना? त्या दिवशी यान वळलं होतं. ऊन असल. मी घेणार नाई ते."

"आणि पहिली?"

"पह्यली खरी आहे." निबंध पुन्हा चाळून तिने तारखा पाहिल्या. "अन् ह्यांच्या यादीत नाई."

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की मी तिचं सांत्वन करायला आले होते आणि त्याची गरज नव्हती. तिच्याकडे जगात कोणी न मांडलेली एक घटना होती आणि अकरा दिवस होते. म्हणजे एव्हाना दहा. मी पिशवीतून अर्ज काढला. तिने तो वाचला, वडिलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मॅडम, एक म्हणू? रागावजा नोको."

"बोल."

"मी करतो पूर्ण. पण गाइड दुसरा पाह्यजे."

मला राग आला नाही म्हटलं तर खोटं होईल. आला. एवढ्या सकाळी उठून, एसटीत उभं राहून मी आले होते आणि निवृत्त माणसालाही सहमार्गदर्शक म्हणून राहता येतं, हे नियम वाचून ठेवले होते. निबंधावर दोघींची नावं कशी दिसतील, तेही बसमध्ये मनाशी पाहून झालं होतं. राग ओसरायला त्या दुकानात पाचेक मिनिटं लागली. रशीदभाई पुन्हा नट फिरवू लागले.

"बरोबर आहे," मी म्हणाले.

अर्जात एक रकाना असतो, 'काम थांबण्याचे व मार्गदर्शक बदलण्याचे कारण'. शबानाने त्यात पेन्सिलीने 'मार्गदर्शक सेवानिवृत्त' असं लिहून माझ्यासमोर धरलं. "तुमी रिटायर तं झाल्याच आहे," ती म्हणाली. "खोटं थोडीच आहे. तुमाले बी बरं, मले बी बरं."

खरंच, ते खोटं नव्हतं. निवृत्ती हे एक फार सोयीचं कारण आहे. पुष्कळांच्या पुष्कळ गोष्टी त्याच्याखाली झाकल्या जातात. मी क्षणभर पेनाचं टोपण काढून थांबले, हेही कबूल करते. मग तिची पेन्सिल खोडली आणि शाईने लिहिलं: 'विद्यार्थिनीने शोधलेली घटना खरी होती. मार्गदर्शकाने पुरावा न तपासता ती वगळली. त्यामुळे काम थांबले.' खाली सही केली आणि सोबत एकोणीस क्रमांकाचं मूळ चित्र जोडलं, माझ्या लाल अक्षरासकट.

शबानाने ते दोनदा वाचलं. "मॅडम, हे सगळे वाचतील."

"वाचू दे."

तीन दिवसांनी ऑफिसातल्या बाबूंचा फोन आला. भला माणूस. आवाज खाली करून म्हणाले, "मॅडम, या कारणाने गाइड बदलल्याचं आपल्याकडे एकही प्रकरण नाई. मी सेवानिवृत्ती टाकून देऊ का? उद्याच पास होते. अन् तुमचंही नाव खराब नाई होणार."

"हे कारण नियमात बसत नाही का?"

"बसते. पण..."

"मग राहू द्या. फक्त मुदतीच्या आत पाठवा."

पाच-सहा दिवस काही कळलं नाही. त्या दिवसांत मी जितक्या वेळा फोन पाहिला तितक्या वेळा पूर्वी यानाची नवी फाइल उतरत असताना संगणकही पाहिला नसेल. कारण वाचून समितीतल्या कोणी हरकत घेतली तर मुदत टळेल आणि माझ्या प्रामाणिकपणाची किंमत पुन्हा तिनेच मोजायची, हे मला फोन ठेवल्यावर सुचलं होतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. एकदा तर बाबूंना फोन करून सेवानिवृत्तीच टाका म्हणावं, असंही वाटलं. केला नाही.

मुदत संपायच्या आदल्या दिवशी, दुपारी, शबानाचा फोन आला.

"मॅडम, मंजूर झालं."

मी खुर्चीत बसले. मार्गदर्शक कोण, ते विचारलं. तिने नागपूरच्या एका तरुण प्राध्यापकांचं नाव सांगितलं. मी त्यांना ओळखत नव्हते.

"सरनं तुमी लिहिलेलं कारण वाचलं," ती म्हणाली. "मंग मले म्हणाले, माझं चुकलं तर तू लगेच सांगजो."

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, सांगाचं काम मी पह्यलेही केलं होतं, सर. तुमी फक्त ऐकजा."

मी बरं म्हटलं.